आम्हाला काहीही चालेल

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स, १४ ऑक्टोबर २००६

ताई,

शिरसाष्टांग नमस्कार वगैरे गृहीत धर. माझ्या ई-मेल्स तू न उघडता डिलीट करतेस असं यतीनरावांनीच श्रीरंगला सांगितलं, म्हणून हा कागद. कागद फाडायचा म्हटला तरी आधी हातात घ्यावा लागतो. गेल्या वर्षीच्या गणपतीपासून आपण दोघी सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलत नाही आणि आपले नवरे मात्र दर रविवारी फोनवर तासभर क्रिकेट कुटतात. त्यांचं बरं चाललंय.

मुद्द्याचं सांगते. फेब्रुवारीत आम्ही आल्प्सला जातोय. हसू नकोस. श्रीरंगने कंपनीच्या कामासाठी म्युनिकच्या इतक्या खेपा घातल्या की विमानाचे माइल्स साठून राहिलेत आणि ते मार्चनंतर वाया जाणार आहेत. फुकटचं वाया जाणार म्हटल्यावर आपल्या माणसाला झोप लागेल का? त्यामुळे घरासमोरचा बर्फ उपसून उपसून पाठ गेलेली मी आता समुद्र ओलांडून दुसऱ्यांचा बर्फ बघायला जाणार आहे.

तिकिटं सात निघतात. आम्ही चौघं, म्हणजे मी, श्रीरंग, शिव आणि माझ्या सासूबाई. उरलेली तीन कुणाची, ते मी सांगायला नको. तू, यतीनराव आणि निधी.

आता गाव कुठलं, हा प्रश्न. मी बापडी घरात प्रत्येकाला विचारत फिरले. सासूबाई म्हणाल्या, "मला मेलीला काय, काहीही चालेल. तुम्ही जा बर्फात, मी खोलीत जप करत बसेन." श्रीरंग म्हणाला, "तू ठरव गं, मला काहीही चालेल." शिव हेडफोन न काढता म्हणाला, "व्हॉटेव्हर, आई. एनिथिंग इज फाइन." मला वाटलं, वा, काय गुणी माणसं माझ्या वाट्याला आली!

मी एक छान गाव शोधलं. त्यावर शिव म्हणतो, तिथले उतार बेबी स्लोप्स आहेत. तो आता शाळेच्या स्की टीममध्ये आहे, त्याला कडे लागतात कडे. दुसरं शोधलं तर श्रीरंग म्हणाला, इतकं अवघड नको, मी इंटरमीजिएट आहे. ताई, हा मनुष्य आमच्या जवळच्या डोंगरावर चारदा गेलाय आणि बराचसा पाठीवरून खाली आलाय. तिसरं दोघांना पसंत पडलं तर सासूबाई हळूच म्हणाल्या, "गुडघ्यांना गरम पाण्याचं कुंड असतं तर बरं झालं असतं, वज्रेश्वरीसारखं. पण असू दे, काहीही चालेल मला." म्हणजे आता कडा पाहिजे, सपाटी पाहिजे आणि कुंडही पाहिजे. बरं, हे सगळं एकाच गावात पाहिजे.

तुमचं काय ते कळव. 'काहीही चालेल' सोडून काहीही लिही.

सुलेखा

*

श्रूजबरी, ११ नोव्हेंबर २००६

ताई,

तुझं उत्तर यतीनरावांच्या तोंडून मिळालं. 'जमणार नाही.' कारणं तीन. निधीची शाळा, परत येतानाचे व्हिसाचे कागद आणि थंडी.

शाळेचं मान्य. आमच्या मॅसॅच्युसेट्सला फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी असते, तुमच्या ॲरिझोनाला नसते. पण निधीला एवढी ए ग्रेड असते की आठवडाभर गेली नाही तर टीचर तिला मिस करतील, इतकंच होईल. ग्रीन कार्ड हातात नसलं तरी अमेरिकेत परत यायचं परवानगीपत्र तुम्हा तिघांचं सप्टेंबरातच आलंय. हेही यतीनरावच बोलून गेले, त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. आणि थंडीचं म्हणशील तर चँडलरच्या भट्टीत राहून तुझं डोकं तापलंय, थंडीने भलंच होईल.

इकडे माझ्या नाकी नऊ आलेत. कुंडाची म्हणजे स्पाची हॉटेलं बघायला लागले. पहिल्याच हॉटेलला फोन केला आणि विचारलं, माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत, त्या पाण्यात साडी नेसून उतरतील, चालेल ना? त्यांनी वज्रेश्वरीला नेहमी तसंच केलंय, त्यांच्या लेखी दुसरी पद्धतच नाही. पलीकडची बाई विचारते, साडी म्हणजे काय? मी म्हटलं, कापड. ती म्हणाली, केवढं? मी म्हटलं, नऊ वार, म्हणजे आठ मीटर. मग म्हणाली, मॅडम, आमच्या गरम खोल्यांमध्ये कुठलंच कापड चालत नाही. मी म्हटलं, कुठलंच म्हणजे? म्हणाली, कुठलंच. बायका आणि पुरुष एकत्रच असतात, तशी आमची पद्धत आहे.

कपाळ माझं! मी फोन ठेवला आणि श्रीरंगला सांगितलं, तर तो म्हणतो, "मग आईला नको सांगूस, ते गाव मात्र चांगलं आहे हं." मी त्या गावावर काट मारली.

दुसऱ्या हॉटेलात बायकांची वेगळी वेळ आहे आणि अंगभर पोहण्याचा ड्रेस चालतो, पण दारात पायऱ्या आहेत. व्हीलचेअर येईल का म्हटलं तर म्हणे हो, अगदी सहज, फक्त तीन पायऱ्या आहेत! ह्यांना व्हीलचेअर म्हणजे उडणारं विमान वाटतं की काय? तिसऱ्याकडे लिफ्ट आहे, पायऱ्या नाहीत, पण लिफ्टचं दार अरुंद आहे. तेव्हा निधीच्या खुर्चीची रुंदी मोजून कळव. सहज आपली माहिती असावी म्हणून विचारतेय. तुम्ही येणार नाही हे मला कळलेलं आहे.

आणि हे सगळं खूळ माझंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही, एवढं लक्षात ठेव.

सुलेखा

*

श्रूजबरी, १७ डिसेंबर २००६

ताई,

ऐक. आल्प्समध्ये बर्फच नाही! इतकी वर्षं तिथे पडला आणि आमचे माइल्स संपायच्या वर्षी बरा थांबला. टीव्हीवर हिरवे डोंगर आणि त्यावर चुन्याची रेघ ओढावी तसे पांढरे पट्टे दाखवतायत. मी जे गाव शेवटी पक्कं करत आणलं होतं तिथे गाई चरतायत म्हणे. आता आणखी उंचावरचं गाव शोधा. व्हिसा ऑफिसला आधी हॉटेलचं बुकिंग पाहिजे, हॉटेलला आधी माणसं किती ते पाहिजे, आणि माणसं किती ते तू सांगत नाहीस. घोडं तुझ्यापाशी अडलंय.

खुर्चीची रुंदी यतीनरावांनी कळवली. खाली लिहिलं होतं, 'मालिनीला सांगू नका.' शंभर किलोचा मनुष्य आणि बायकोला एवढा घाबरतो!

काल मी तुला फोन केला. तू उचललास, माझा आवाज ऐकलास आणि ठेवून दिलास. तेव्हा आता मी कबूल केलेलं मोडते. निधी, बाळा, सॉरी.

ही कल्पना माझी नव्हती, ताई. निधीची आहे. ऑगस्टमध्ये तिने मला फोन केला होता. म्हणाली, "मावशी, देअर इज धिस थिंग, यू सिट इन इट अँड यू स्की." खाली एकच स्की, वर बसायला बादलीसारखी सीट आणि दोन्ही हातांत छोट्या काठ्या. तिने इंटरनेटवर बघितलं होतं, कंबरेखाली पाय न चालणारी पोरं त्यात बसून डोंगरावरून सुसाट खाली येतात. मी म्हटलं, आईला सांग ना. तर म्हणाली, "मावशी, नोबडी आस्क्स मी. एव्हरीबडी आस्क्स मॉम."

खोटं आहे का सांग. देवळात लोक तुला विचारतात, ती प्रसाद खाईल का? दुकानात तुला विचारतात, तिला कुठला रंग आवडतो? आणि तूही उत्तर देतेस. सोळा वर्षांची घोडी बाजूला बसलेली असते आणि सगळे तिच्या डोक्यावरून बोलतात. मीही तेच करायचे, फोनवर तुलाच विचारायचे, निधी कशी आहे?

म्हणून त्या दिवशी मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या त्या हॉलच्या उतारावर, ती "मी एकटी जाते" म्हणाली तेव्हा मी तुझा हात तिच्या खुर्चीवरून काढला. ती खाली गेली, शेवटी कलंडली आणि हनुवटीला टाके पडले. आणि ताई, ती हसत होती. रक्ताने फ्रॉक भरला होता आणि ती हसत होती. तू बघितलंच नाहीस. तू माझ्याकडे वळलीस आणि सगळ्या मंडळासमोर म्हणालीस, "तुझा धावतो ना, म्हणून तुला सुचतं."

ते माझ्या काळजात अजून रुततं. शिव मॅचला पळायला लागला की मला तुझा आवाज ऐकू येतो. निधीचं ते ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तुझ्यासोबत मीच होते ना गं? पाय गेले असं डॉक्टर म्हणाले तेव्हा तू माझाच दंड धरला होतास. काळा-निळा झाला होता तो.

माफी मी मागणार नाही. हात मी पुन्हाही काढेन. पण पोरीला विचार. एकदाच, तुला काय पाहिजे म्हणून विचार, आणि ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घे. ती नको म्हणाली तर मी तीन तिकिटं सोडून देते आणि जन्मात विषय काढत नाही.

सुलेखा

*

श्रूजबरी, १३ जानेवारी २००७

ताई,

यतीनरावांचा निरोप पोचला. तिघंही येणार. तू फक्त निधीवर लक्ष ठेवायला येणार आणि माझ्याशी बोलणार नाहीस. ठीक आहे. सुंभ जळेल पण पीळ काही जळायचा नाही.

गाव ऑस्ट्रियात आहे, खूप उंचावर, आणि तिथे बर्फ आहे. मी हॉटेलच्या माणसाला खिडकीतून बाहेर बघून सांगायला लावलं. शिवला कडा आहे, श्रीरंगला लहान मुलांचा उतार आहे (त्याला 'इंटरमीजिएट' असंच सांगितलंय). लिफ्टचं दार रुंद आहे, पायरी एकही नाही, सासूबाईंना बायकांचं कुंड आहे. बसून स्की शिकवणारा एक मास्तर आहे, त्याच्याशी मी फोनवर बोलले. त्याने पहिला प्रश्न विचारला, मुलीचं वजन किती आणि तिला किती वेगाने जायचंय? मी म्हटलं, हे तिलाच विचारा, आणि निधीचा ई-मेल दिला.

येताना मेतकूट आण, माझं संपलंय. बोलू नकोस, नुसतं टेबलावर ठेव.

सुलेखा

*

हॉटेल, दुपार, १९ फेब्रुवारी २००७

ताई,

तुझ्या दाराखालून हे सरकवतेय. तू शेजारच्या खोलीत आहेस आणि तुझा खोकला मला ऐकू येतोय. माझ्या बॅगेत सितोपलादी आहे, सासूबाईंच्या हाती पाठवते.

त्यांची दया येते मला. काल ब्रेकफास्टला तू खांबाआड वेगळं टेबल धरलंस आणि त्या बिचाऱ्या गुडघे सांभाळत आपल्या दोघींमध्ये मीठ आणत-नेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मी आल्प्सला आले की पोस्टात नोकरीला लागले?" कुंडात मात्र खूश आहेत. अंगभर ड्रेस घालून उतरल्या. सौनाचं, म्हणजे त्या गरम खोलीचं, दार चुकून उघडलं, आतल्या बायका बघितल्या आणि बाहेर येऊन मला विचारलं, "त्यांना थंडी नाही का वाजत?" एवढंच बोलल्या. रात्री म्हणाल्या, पाणी वज्रेश्वरीपेक्षा बरं आहे, पण देवी नाही.

आजच्या सकाळबद्दल बोलायचं आहे. तू मास्तरला बाजूला घेतलंस आणि निधीच्या सीटला मागून बांधलेली दोरी धरून मीही मागे चालते म्हणालीस, ते मी बघितलं. तुझ्या पायात ते चँडलरमध्ये घेतलेले सपाट बूट! तो काय म्हणाला तेही ऐकलं. दोरी एकच असते आणि ती शिकवणाऱ्याच्या हातात असते. आईने खाली उभं राहायचं, कारण पोरगी खाली येणार असते.

तू तोंड फिरवून वर आलीस आणि खोलीचं दार लावलंस. निधी तीनदा खाली आली आणि तीनदा तिने खाली कोण कोण उभं आहे ते बघितलं. मी होते, श्रीरंग होता (बसलेला, त्याच्या कंबरेत उसण भरलीय), यतीनराव होते. मला तिचा चेहरा बघवला नाही, ताई, आणि मला तुझा इतका राग आला की ही कॉफी मी तुझ्या दारावर फेकणार होते.

माझ्याशी बोलू नकोस. माझ्याकडे बघूही नकोस. उद्या फक्त खाली येऊन उभी राहा. माझे बूट दाराबाहेर ठेवतेय. आपल्या दोघींचा नंबर एकच आहे, विसरली नसशील. कॉलेजात माझे सगळे चांगले चपला-बूट तूच घालून जायचीस.

सुलेखा

*

श्रूजबरी, ११ मार्च २००७

ताई,

फोनवर आता रोज भांडतोच आपण, तरी हे पत्रच पाठवतेय, कारण सोबत फोटो आहे. त्याचं काय झालं ते एकदा लिहूनच टाकते. फोनवर सांगायला गेलं की तू मध्ये बोलतेस.

त्या सकाळी दाराबाहेर माझे बूट नव्हते, त्यांच्या जागी तुझे होते. मी तुझ्या त्या सपाट बुटांत घसरत घसरत खाली गेले आणि तू तिथे आधीच होतीस. मला वाटलं, चला, उभी तरी राहिली. निधी दोनदा दोरीवर आली. मग मास्तर खाली आला आणि तुझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, आता दोरी सोडता येईल, आईची परवानगी आहे का? म्हटलं, संपलं, आता ही नको म्हणणार. माझ्या मनात शिव्या तयार होत्या, खरंच सांगते.

तू माझ्याकडे बघितलं नाहीस, त्याच्याकडेही बघितलं नाहीस. वाकलीस, निधीच्या हेल्मेटपाशी तोंड नेलंस आणि विचारलंस, "निधी, तुला काय पाहिजे?"

ती म्हणाली, "सोडा." मराठीत म्हणाली, ताई. एरवी ह्या पोरांच्या तोंडून एक शब्द ओढून काढावा लागतो.

मग ती डोंगरावरच्या लिफ्टने वर गेली आणि आपण दोघी खाली एकमेकींपासून लांब उभ्या राहिलो. ती दिसायला लागली तेव्हा केवढी लहान दिसत होती! वळली. पुन्हा वळली. मधे पडली, बर्फात अर्धी गाडली गेली, आणि मी पुढे पळणार तेवढ्यात तू हात आडवा घातलास. मला, तू! ती दोन्ही काठ्या रोवून स्वतः उठली आणि जी सुटली ती थेट आपल्या अंगावरच येणार असं वाटलं. तिचं ओरडणं आठवतंय का तुला? आणि तेव्हाच तू सतरा महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. सगळ्या आल्प्सला ऐकू जाईल अशी किंचाळलीस, "सुले, बावळटासारखी बघत काय उभी आहेस? फोटो काढ ना!"

तोच हा फोटो. माझे डोळे वाहत होते, हातमोजा निघत नव्हता, तुझे बूट घसरत होते, मी काय काढणार? निधी ह्यात नाही. खालचा अर्धा भाग म्हणजे माझा अंगठा आहे. श्रीरंग म्हणाला, डिलीट कर, शिवने तिचे चांगले काढलेत. ते चांगले तुला ई-मेलने मिळतील (उघड म्हणजे झालं). पण हा मी डिलीट केला नाही, दुकानात जाऊन मोठा करून आणला.

अंगठ्याच्या वर बघ. तू आहेस, तोंड उघडं आहे, शाल घसरलीय आणि तुझे दोन्ही हात वर, हवेत आहेत. मी घरातले सगळे जुने अल्बम काढून बघितले. ऑपरेशननंतरच्या एकूण एक फोटोत तुझा एक हात तरी खुर्चीच्या दांड्यावर आहे. वाढदिवसाच्या केकच्या फोटोतही आहे. ह्या एकाच फोटोत तुझे हात रिकामे आहेत.

फ्रिजवर लाव. निधीला दिसेल असा लाव.

आणि पुढच्या वर्षी कुठे जायचं ह्यावर काल तू जे म्हणालीस, "तुम्ही ठरवा, आम्हाला काहीही चालेल," ते पुन्हा म्हणालीस तर मीच तुझ्याशी बोलणं टाकीन. मी निधीला फोन करून विचारलंय. तिला आणखी वरचा डोंगर पाहिजे.

मेतकूट संपलं. माझे बूट परत पाठव.

तुझी,
सुले